संघटित शेजार

भुकेल्याला भाकरी द्यावी की नाही, हा नीतिशास्त्रात फारसा वादाचा प्रश्न नाही. परंतु भुकेल्याने आपल्यासारख्या शंभर जणांना एकत्र करावे, भाकरी का मिळत नाही याचा जाब विचारावा, आणि त्या कामी आपण त्याला साहाय्य करावे की काय, येथे मात्र भल्याभल्यांचे पाऊल अडते. दान देणाऱ्या हाताचे आपण कौतुक करतो. संघटना बांधणाऱ्याकडे संशयाने पाहतो. हा संशय सर्वस्वी अस्थानी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तो नेमका कोठे ठेवावा, याविषयी गेले वर्षभर आमच्या मनात जो विचार घोळत आहे तो वाचकांपुढे मांडतो.

आम्ही गुरुविद्यालयात असताना पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या विश्वपत्रातील एक तत्त्व आम्हाला परीक्षेसाठी पाठ करावे लागे. जे कार्य लहान समूह स्वबळावर करू शकतो ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. तसे करणे हा अन्याय होय. आम्ही ते पाठ केले, गुण मिळवले आणि धर्मग्रामात आल्यावर नेमके उलट वागू लागलो. कोणाचे रेशनकार्ड अडले, फादरांकडे या. शाळेत प्रवेश हवा, फादरांची चिठ्ठी घ्या. पाणी येत नाही, फादर पत्र लिहितील. या साऱ्यात आमचे मन सुखावत होते, हे कबूल केले पाहिजे.

अमेरिकेत नगरवस्त्यांची संघटना बांधणाऱ्यांनी हेच तत्त्व आपल्या कामाचा पहिला नियम मानले आहे: माणूस जे स्वतः करू शकतो ते त्याच्यासाठी कधीही करू नका. या पद्धतीचा जनक सॉल अलिन्स्की (१९०९–१९७२) हा शिकागोत जन्मलेला, रशियातून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. स्वतः तो कोणताच धर्म पाळत नव्हता, आणि तरीही त्याचे पहिले साथीदार कॅथलिक धर्मगुरू होते. शिकागोच्या अजस्र कत्तलखान्यांमागे पोलिश, लिथुएनियन, स्लोव्हाक, आयरिश, मेक्सिकन अशा कामगारांची दाट वस्ती होती. प्रत्येक भाषेचे चर्च वेगळे, आणि एका चर्चचा फादर दुसऱ्या चर्चच्या फादरशी बोलेल तर शपथ! (हे वाचताना आमच्या वाचकांपैकी काहींना आपल्याकडील एखादे उदाहरण आठवले, तर तो दोष आमचा नव्हे.) १९३९ च्या जुलैत अलिन्स्की आणि त्याच वस्तीतील जोसेफ मीगन यांनी या चर्चना, कामगार संघटनेला, क्लबांना व दुकानदारांना एका परिषदेत बसविले. साहाय्यक बिशप बर्नार्ड शील कामगार नेत्यांच्या शेजारी व्यासपीठावर बसले. बालकांसाठी दवाखाना, शाळेत मुलांना गरम जेवण, सहकारी पतपेढी अशा गोष्टी या परिषदेने मिळविल्या. दुसऱ्याच वर्षी अलिन्स्कीने इतर शहरांत हे काम नेण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले.

त्या प्रतिष्ठानाच्या कार्यापैकी टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहराचे उदाहरण आम्हाला विशेष भावते, कारण त्याचा आरंभ गटारापासून होतो. शहराच्या पश्चिम भागात मेक्सिकन वंशाचे गरीब कॅथलिक राहत. पाऊस पडला की रस्त्यांचे ओढे होत, घरात पाणी शिरे. १९७४ साली अर्नेस्तो कोर्तेस या संघटकाने तेथे काम सुरू केले. त्याने भाषणे दिली नाहीत. तो घरोघरी जाऊन एकेकट्या माणसाशी बोलत बसला, आणि चर्चची जत्रा भरविणाऱ्या, शाळेतल्या पालकसभा सांभाळणाऱ्या बायका त्याने हेरून ठेवल्या. ज्यांच्या शब्दावर चार घरे हलतात अशी ही माणसे होती. त्यांनी नगरपालिकेचे कागद तपासले, तेव्हा आपल्या भागातील सांडपाण्याची एक योजना १९४५ पासून आराखड्यात पडून असल्याचे त्यांना आढळले. ते कागद घेऊन शेकडो लोक शहराच्या मुख्य अधिकाऱ्यांपुढे व नगरसभेपुढे उभे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी या कामांसाठी ४ कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या कर्जरोख्यांना संमती दिली. संघटना कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करीत नसे. उमेदवारांना भरसभेत बोलावून 'हो की नाही' एवढेच विचारावयाचे, आणि दिलेले उत्तर विसरावयाचे नाही, अशी तिची रीत.

येथवर सारे गोड आहे. पण हीच माणसे १९७५ साली शहरातल्या एका मोठ्या बँकेत रांगा लावून उभी राहिली आणि सुटी नाणी देऊन नोटा, नोटा देऊन पुन्हा सुटी नाणी मागू लागली. व्यवहार ठप्प झाला. धनिकांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या मागणीकडे लक्ष द्यावे, हा हेतू. एका श्रीमंती दुकानात त्यांनी कपडे अंगावर घालून पाहिले आणि काही न घेता परतले. ही गोष्ट सांगितली की आमचे तरुण हसतात. आम्हाला मात्र त्या बँकेतील कारकुनाचा चेहरा दिसतो. त्याचा काय दोष होता? अलिन्स्की तर सांगे की प्रतिपक्षाला नाव आणि चेहरा द्या, कारण 'व्यवस्थे'शी कोणी भांडत नाही. शत्रूवर प्रेम करण्यास सांगणाऱ्या प्रभूच्या शिष्याने हे कसे स्वीकारावे?

बराच विचार करून आम्ही या मतापर्यंत आलो आहोत की एखाद्या अधिकाऱ्याला नावानिशी जबाबदार धरणे म्हणजे त्याचा द्वेष करणे नव्हे. उलट तो यंत्राचा सुटा भाग नसून निर्णय करू शकणारा माणूस आहे, हे त्यात मान्य केलेले असते. रागाचेही तसेच. आपल्या मुलाला गटाराच्या पाण्यातून शाळेत न्यावे लागते आणि आईला राग येत नाही, तर तिचे ते मौन शांती नव्हे. कारकुनाची कुचंबणा राहतेच. तिला आमच्यापाशी उत्तर नाही. पण तीस वर्षे तुंबलेल्या पाण्याच्या शेजारी ती ठेवली की तिचे वजन कळते.

अधिक गंभीर आक्षेप दुसरा आहे, आणि तो शिकागोच्याच त्या पहिल्या वस्तीने उभा केला. परिषद यशस्वी झाली. लोकांची स्थिती सुधारली, घरे स्वतःची झाली. आणि १९५० च्या दशकापासून, शहरातील कृष्णवर्णीयांची वस्ती जवळ येऊ लागली तेव्हा, याच परिषदेने घरांची डागडुजी, त्यासाठी कर्जे, जुन्या रहिवाशांना टिकवून धरणे असे जे कार्यक्रम चालविले, त्यांचा परिणाम काळ्या माणसाला वेशीबाहेर ठेवण्यात झाला. ज्या एकजुटीने मालकांना नमविले, तीच आता शेजाऱ्याविरुद्ध भिंत बनली. अलिन्स्की पुढे कृष्णवर्णीयांच्या वुडलॉन वस्तीत गेला. तेथील लोक १९६१ मध्ये ४६ बसगाड्या भरून मतदारनोंदणीसाठी नगर सभागृहावर गेले. पण पहिल्या वस्तीचे शल्य त्याच्या मनात राहिले. आपणच उभारलेली संघटना उलथण्यासाठी पुन्हा तेथे जाऊन नवी संघटना बांधावी लागेल, अशा आशयाचे उद्गार त्याने आयुष्याच्या अखेरीस काढले.

लोकांच्या हाती शक्ती आली की ते बहुधा योग्य तेच ठरवितात, ही त्याची श्रद्धा होती. ती आमचीही असावी असे आम्हाला वाटते. पण मूळ पापाचे धर्मज्ञान शिकलेल्या माणसाला 'बहुधा' या शब्दापाशी थांबावे लागते.

हे सारे आम्हाला सुचले ते दूरच्या शिकागोमुळे नव्हे. १९७९ साली धारावीत याच पद्धतीने 'प्राउड' ही रहिवाशांची संघटना उभी राहिली होती, तेव्हा ही विद्या मुंबईला नवी नाही. आमचा धर्मग्राम उपनगरात, एका नाल्याच्या काठी आहे. पावसाळ्यात नाला चर्चच्या मागील चाळींत शिरे. पहिल्या वर्षी आम्ही पत्र लिहिले. सुबक उत्तर आले. दुसऱ्या वर्षी आम्ही पत्र लिहिले नाही. चाळीतल्या बायकांना म्हटले, तुम्ही जा. त्या रुष्ट झाल्या. "फादर, आमचं कोण ऐकणार?" पण गेल्या. नालेसफाईची कंत्राटे, अंदाजपत्रकातील तरतूद, कोणत्या अभियंत्याकडे कोणते काम, हे त्यांनी असे मुखोद्गत केले की विभाग कार्यालयातला शिपाई त्यांना खुर्ची देऊ लागला. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवकच नव्हते. दाद कोणाकडे मागावी असा प्रश्न इतरांना पडला, तेव्हा आमच्या बायका थेट अधिकाऱ्यांपुढे जाऊन बसत. नाला उपसला गेला. आमच्या काठाला भिंत झाली. ज्या दिवशी काम पुरे झाले त्या दिवशी आम्हाला कोणी बोलावलेसुद्धा नाही, आणि याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. (थोडे वाईटही वाटले.)

भिंत आमच्या काठाला झाली, पलीकडे नाही. पलीकडे पत्र्याच्या झोपड्या आहेत. उत्तरेतून आणि मराठवाड्यातून आलेली माणसे. पुढच्या पावसात सारे पाणी तिकडे शिरले. आणि गेल्या नाताळानंतर आमच्या त्याच समितीने एक अर्ज तयार केला. पलीकडचे लोक नाल्यात कचरा टाकतात, सबब झोपड्या हटविण्यात याव्यात. खाली ६२ सह्या. चर्चचा शिक्का मिळावा म्हणून तो आमच्याकडे आला. अर्ज उत्तम लिहिलेला होता. कलमे बरोबर, छायाचित्रे जोडलेली. सह्या करणाऱ्यांपैकी निदान चौघींच्या घरी पलीकडच्या बायका धुणीभांडी करतात.

आम्ही शिक्का दिला नाही. तेवढा अधिकार आमचा होता आणि तो वापरण्यात अडचण नव्हती. अडचण पुढे आहे. शिक्क्यावाचून अर्ज जाऊ शकतो. त्या बायकांना आता आमची गरज नाही, हेच तर आम्ही शिकविले. वेदीवरून एक कठोर प्रवचन केले तर अर्ज कदाचित मागे घेतला जाईल, पण तो फादरांच्या भीतीने, आणि आम्ही पुन्हा रेशनकार्डाच्या दिवसांत जाऊ. न केले, तर लोकांच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली आम्ही दीडशे कुटुंबे वाऱ्यावर सोडणार. शेजारी कोण, हा प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभूने व्याख्या दिली नाही, एक वाटेवरची गोष्ट सांगितली आणि उत्तर त्याच्याच तोंडून वदविले. ती रीत आमच्या आवाक्यात आहे का, हे आम्ही स्वतःला विचारीत होतो.

शेवटी आम्ही समितीच्या दोन प्रमुख बायकांना बरोबर घेऊन एका संध्याकाळी पुलावरून पलीकडे गेलो. भाषण केले नाही. एका झोपडीत चहा झाला. तेथल्या बाईने भिंतीवरची पाण्याची रेघ दाखविली, ती आमच्या कमरेच्या वर होती. परतताना आमच्या सोबतच्या बायका बोलत नव्हत्या. पुलावर आल्यावर त्यांतील वयाने मोठी एवढेच म्हणाली, "फादर, कचऱ्याची गाडी त्यांच्याकडे येतच नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं."

अर्ज मागे घेतलेला नाही. ६२ पैकी ११ जणांनी सही काढून घेण्याचे कळविले आहे. काहीजण आमच्यावर नाराज आहेत आणि रविवारी मिस्सानंतर थांबत नाहीत. येत्या शनिवारी शाळेच्या सभागृहात दोन्ही काठांची बैठक आहे. पलीकडून किती येतील, सांगता येत नाही. दिवसाची मजुरी बुडते म्हणून वेळ रात्री साडेआठची ठेवली. अध्यक्षस्थानी आम्ही बसावे असा समितीचा आग्रह होता. आम्ही मागच्या बाकावर बसणार आहोत.