गल्ली कुणाची?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीची समिती स्थापन झाली. पुण्याच्या या भागात सहा सोसायट्या, दोन जुने वाडे आणि कोपऱ्यावर पाच-सहा हातगाड्या. पाणी, कचरा, बंद पडलेले दिवे यांसाठी प्रत्येक सोसायटी महापालिकेला वेगळं पत्र लिहायची आणि प्रत्येकीला वेगळं मौन मिळायचं. म्हणून एकत्र यायचं ठरलं. मी संगणकवाला, त्यामुळे सभासदांची यादी माझ्याकडे आली.

फॉर्ममध्ये पहिला रकाना ठेवला फ्लॅट क्रमांकाचा, आणि तो अनिवार्य केला. त्यामागे काही विचार नव्हता. पुढे जे झालं ते त्या एका लाल चांदणीमुळे.

पहिल्याच बैठकीत ठराव झाला, हातगाड्या हटवण्यासाठी अर्ज करायचा. एकमताने. रोज सकाळी त्यांतल्याच एका गाडीवर पोहे खाणाऱ्या मीही हात वर केला.

दोन दिवसांनी भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "दादा, मीटिंगमध्ये आमचं काय ठरलं म्हणे? आम्हाला का नाही बोलावलं?"

"तुम्ही इथं राहत नाही ना, मावशी."

"राहत नाही. पण सकाळी सहा ते रात्री नऊ इथंच असते. तुम्ही किती वाजता येता?"

मी साडेआठला येतो. शनिवार-रविवार बहुतेक वेळा गावी.

लोकशाहीत कुठलाही प्रश्न मताला टाकता येतो, एक सोडून: मत कुणाला? तो मताला टाकायचा तर मतदार आधीच ठरलेले हवेत. (पहिला कंपायलर कशाने कंपाइल करायचा, तसंच हे. तिथे निदान उत्तर आहे.) रॉबर्ट डालने १९७० साली 'आफ्टर द रेव्होल्यूशन?' या पुस्तकात हा प्रश्न घेतला आहे. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्या सगळ्यांना मत, हे सर्वांत आकर्षक उत्तर. पण परिणामाला कुंपण नसतं. मावशींना भाजी पुरवणारा शेतकरीही मग सभासद करावा लागेल.

कायद्याचं उत्तर सुटसुटीत आहे. महाराष्ट्राने २००९ साली शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली. त्या भागाच्या मतदारयादीत ज्यांची नावं, ते सदस्य. मावशींचं नाव हडपसरच्या यादीत आहे. माझं गावच्या. म्हणजे यादी करणारा आणि यादीतून वगळलेली, कायद्याने दोघंही बाहेरचे. फक्त मला कुणी तसं विचारलं नव्हतं.

पण २०१४चा पथविक्रेता कायदा वेगळा विचार करतो. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावे लागतात. एखाद्या जागेवर हक्क सांगायला तिथं झोपावंच लागतं असं नाही, हे तिथं मान्य केलेलं आहे. भिवंडीत १९८८च्या सुमारास पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, तेव्हाही पुढाऱ्यांऐवजी साध्या माणसांना बसवण्यावर भर होता. ९२-९३मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली.

आमचे अध्यक्ष काका, बँकेतून निवृत्त. त्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझी काकू फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरली आणि स्कूटरने उडवली. का उतरली? फुटपाथवर गाड्या होत्या म्हणून. उद्या त्या गाड्या दुसरीकडे जातील, तूही जाशील. आम्ही मात्र शेवटपर्यंत इथंच."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर सुचलं ते अपुरंच आहे: काकांचं म्हणणं जास्त ऐकलं जावं याचं हे कारण आहे, मावशींचं ऐकूच नये याचं नाही. शिवाय मावशी समोर असत्या, तर काकूंच्या पायाबद्दल त्यांनाही कळलं असतं. गाड्या चार फूट मागे घेता येतील का, हे तरी कुणी विचारलं असतं.

फॉर्ममधली चांदणी मी काढली. आता तिथं 'गल्लीशी तुमचा संबंध काय?' असं आहे. काका म्हणतात, अशाने कुणीही घुसेल. त्यांचं चूक नाही.

सह्या झालेला अर्ज माझ्याकडेच आहे. पाठवायचं काम माझं होतं, ते मी अजून केलेलं नाही. एकमताने झालेला ठराव एकट्याने अडवून ठेवायचा अधिकार मला कुणी दिला, हे मावशींनी अजून विचारलेलं नाही, काका विचारतील.

पुढची बैठक रविवारी सकाळी अकराला. मावशींना निरोप दिला तर म्हणाल्या, "अकराला? ती तर धंद्याची वेळ."