नहुश्तान आणि राजाज्ञा

राजाज्ञेने मूर्ती फोडता येते. श्रद्धा बदलता येते काय? आज्ञापत्रे काढणे व ती अंमलात आणणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना प्राचीन यहूदा राज्याचा इतिहास या प्रश्नापुरता तरी परका वाटू नये.

बायबलातील राजवृत्तांतानुसार, इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस हिज्कीया राजाने डोंगरमाथ्यावरील पूजास्थाने काढून टाकली आणि नहुश्तान नावाचा तांब्याचा साप फोडला. तो प्रत्यक्ष मोशेने घडविलेला! एके काळी त्याने लोकांचे प्राण वाचविले होते. पुढे त्याच्यापुढेच धूप जळू लागला. खूण जेव्हा स्वतःच आराध्य होऊन बसते, तेव्हा ती मोडावी, हा राजाचा न्याय. परंतु त्याच्याच पुत्राने, मनश्शेने, ती स्थाने पुन्हा उभारली. पित्याची आज्ञा पुत्राने रद्द केली.

इ. स. पूर्व ६२२ च्या सुमारास मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आणि योशीया राजाने अधिक कठोर सुधारणा आरंभिली. हिन्नोमच्या खोऱ्यात मुले अग्नीत अर्पण केली जात. ते स्थान त्याने भ्रष्ट केले. त्याच आवेशात शोमरोनच्या पूजाऱ्यांना त्यांच्याच वेदींवर ठार केले. ही दोन्ही कृत्ये एकाच पारड्यात कशी घालावी? ज्या मुलाला दुसरा कोणी त्राता नाही, त्याच्यासाठी राजदंड उगारलाच पाहिजे. पण केवळ निराळ्या वेदीपाशी उभा आहे म्हणून माणसाचा प्राण घेणे, ही सुधारणा नव्हे. शिवाय, यहूदातील त्या काळच्या घरांच्या अवशेषांत मातीच्या लहान स्त्रीमूर्ती शेकड्यांनी सापडल्या आहेत. राजाची कुऱ्हाड वेदीपर्यंत पोचते. उंबरठ्याच्या आत ती कोठवर जाणार?

इ. स. पूर्व ६०९ मध्ये योशीया मगिद्दो येथे मारला गेला. उपासनेसाठी आता यरुशलेमचे एकच मंदिर अधिकृत होते, आणि लोक त्याच्याच भरवशावर निर्धास्त राहू लागले. तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने मंदिराच्या दारात उभे राहून बजावले, की परका, अनाथ व विधवा यांना छळणाऱ्यांना हे मंदिर तारणार नाही. शुद्धीकरणातून जे उरले, तेच नवे नहुश्तान झाले होते! पुढे इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने ते मंदिरही जाळले. तरीही राजा नाही, वेदी नाही, अशा परमुलखात त्या लोकांनी आपला धर्म जपला.

क्रौर्य थांबविणे हे शासनाचे कर्तव्य होय. तेथे त्याने कचरू नये. मनातील मूर्ती मात्र ज्याची त्यानेच फोडावयाची असते. आणि ती फुटली किंवा नाही, हे रिकाम्या देव्हाऱ्यावरून नव्हे, तर दाराशी आलेल्या अनाथाला मिळालेल्या वागणुकीवरून ओळखावे.