घोडा, रबर आणि न विचारलेला प्रश्न

मूठ पूर्ण सोडली तरी गाडीची रेस खाली येत नव्हती. मालवणहून कुडाळला जाताना चौक्याजवळ हे पहिल्यांदा लक्षात आलं. गाडी बाबांची, यामाहा आरएक्स १००. आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक. मी आयडलिंगचा स्क्रू थोडा सैल केला, आवाज शांत झाला. पुढचे आठ महिने असेच गेले.

मग आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च समोर आला आणि गाडी विकायचं ठरलं. विकण्याआधी मेकॅनिकला दाखवली. त्याने प्लग काढला. कॉफीच्या रंगाचा असायला हवा, तो पांढराफटक होता. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचा एक छोटा जोड असतो. त्याच्यावर त्याने साबणाचं पाणी सोडलं, तशी चालू इंजिनाची लय बदलली. जोड तडकला होता.

वर्षानुवर्षांची उष्णता आणि पेट्रोल यांनी रबर कडक होतं आणि मग फाटतं. त्या फटीतून इंजिन जास्तीची हवा ओढतं. कार्ब्युरेटरने न मोजलेली ही हवा मिश्रणातलं पेट्रोलचं प्रमाण कमी करते, इंजिन जास्त तापतं. टू-स्ट्रोकमध्ये हे वाढत गेलं तर पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो आणि चालत्या गाडीचं मागचं चाक अडकू शकतं. म्हणजे स्क्रू फिरवून मी काहीच दुरुस्त केलं नव्हतं. तक्रार करणाऱ्याला फक्त गप्प केलं होतं.

"एम-सील लावया," मेकॅनिक म्हणाला. "म्हयनोभर काय एक व्हवचा नाय."

मी नवं रबर मागवलं. आधी आलेल्या रबराचं तोंड सपाट नव्हतं, ते परत पाठवलं. दुसरं बसलं. बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू आधी घट्ट केली तर जोड वाकडा बसतो आणि पुन्हा फट राहते. स्क्रू परत जागेवर आणला. मूठ सोडली की रेस झटकन खाली. काही शे रुपयांत मी प्रामाणिक झालो, असं वाटलं.

ते फार टिकलं नाही. रबर नवं होतं, पण आठ महिन्यांची उष्णता पिस्टनने सोसली होती. ती बदलता येत नाही. आणि आता तर आवाजही गोड झाला होता. गिऱ्हाइकाला संशय यावा अशी एकच खूण होती, ती मीच दुरुस्तीने पुसली होती. एम-सीलने दोष झाकला असता. नव्या रबराने त्याचा इतिहास झाकला.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात, १७व्या कलमाखाली एका घोड्याची उदाहरणं आहेत. घोड्यात खोट आहे हे ठाऊक असून मालकाने लिलावात तो गप्प राहून विकला, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला की "तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगला धरतो", तर गप्प राहणं हे बोलण्यासारखंच.

माझं गिऱ्हाईक एकोणीस वर्षांचं होतं. तारकर्लीला पर्यटकांच्या बोटीवर काम करणारा पोरगा, हंगामाची बचत घेऊन आलेला. "काका, आवाज काय मस्त असा!" म्हणाला. बाकी काही विचारलं नाही. विचारणार तरी काय? गाडी जास्त तापली होती का, हे विचारायला तशी तापते हे आधी माहीत असावं लागतं. "त्याने विचारलं नाही" याचा खरा अर्थ "त्याला माहीत नव्हतं" एवढाच होता आणि त्या न कळण्याचेच पैसे मला मिळणार होते. युधिष्ठिर निदान 'नरो वा कुंजरो वा' एवढं तरी बोलला. मी तेवढंही बोलणार नव्हतो.

व्यवहारात सगळंच सांगायचं नसतं, हे मलाही कळतं. मी कितीपर्यंत खाली येईन हे त्याला सांगायची गरज नव्हती. सीट फाटलेली होती, ती त्याला दिसत होती. पण जे बघून दिसत नाही, आणि ज्याची किंमत कदाचित त्याच्या हाडांना मोजावी लागेल, ते माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नव्हता. ती माझी मुलगी असती तर मी एक क्षणही थांबलो नसतो. मग तो केवळ दुसऱ्याचा मुलगा आहे, एवढ्यावर गप्प बसायचं?

जुनं रबर त्याच्या हातात दिलं, वाकवून तडा दाखवला, आठ महिन्यांचं सगळं सांगितलं. तो गप्प झाला. "बाबांका इचारून सांगतंय," म्हणून गेला.

चार दिवस फोन नाही. त्या चार दिवसांत मला अजिबात चांगलं वाटत नव्हतं. आई भिंतीला धरून चालताना दिसली की वाटायचं, कोणाला दाखवायला मी हे केलं?

पाचव्या दिवशी तो स्वतःचा मेकॅनिक घेऊन आला. ब्लॉक उतरवला. पिस्टनवर उभ्या रेघा होत्या. बोअर आणि नव्या पिस्टनचा खर्च किमतीतून वजा झाला. ऑपरेशनला कमी पडले तेवढे मी उसने घेतले.

जाताना त्याने ते फाटकं रबर मागून घेतलं. पुढच्या वेळी कुठे बघायचं ते कळावं म्हणून.