लष्कराच्या भाकऱ्या

जेद्दाच्या अल अझीझियात आमच्या घरी शुक्रवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. धड्यांच्या झेरॉक्स काढायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. पुढे कंपनीत शटडाऊनचं काम निघालं आणि तीन शुक्रवार मुलं कागदांविना बसली. एक वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मी काढू का?" मला रागच आला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, वर हिशेबही द्यायचा?

त्याच रागात संगणकापाशी बसलो. माझ्या संगणकावर डेबियन आहे. जगभरचे स्वयंसेवक ही प्रणाली १९९३ पासून घडवत आले आहेत. कुठलं काम कोणाचं, हे वाद त्यांनाही चुकले नाहीत. त्यांच्या १९९८ च्या घटनेत एक कलम आहे: काम करण्याचं बंधन कुणावरही नाही, सोपवलेलं कामही नाकारता येतं, मात्र ठरलेल्या नियमांविरुद्ध वागायचं नाही.

पहिला भाग मला फारच आवडला! दुसऱ्यापाशी अडखळलो. काम न करणं माझा हक्क, कबूल. पण न करता जागा अडवून बसणं? पगारी माणसाला साहेब बदलतो. फुकट राबणाऱ्याला कोण हलवणार? सगळ्यांनाच संकोच.

घाईनं सोडणंही बरं नाही म्हणा. एक्सझेड या छोट्या प्रणालीच्या थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवून एका अनोळखी 'मदतनिसा'नं तिच्यात चोरवाट घातली. ती २०२४ मध्ये उघडकीस आली. पण वहिनी काही अनोळखी नव्हत्या.

पुढच्या शुक्रवारी धड्यांचा पेनड्राइव्ह त्यांना दिला. सतरंजी मात्र अजून मीच झटकतो.