किती बदलले म्हणजे वस्तू दुसरी होते?

मोडकी वस्तू दुरुस्त करावी की टाकून द्यावी, हा प्रश्न आपल्या आईवडिलांना फारसा पडत नसे. पातेल्याला भोक पडले तर डाग लावून घेत, छत्री दुरुस्त करणारा पावसाळ्याच्या तोंडावर आळीत हाक देई, चपलेचा अंगठा तुटला तर ती चांभाराकडे जाई. टाकून देणे परवडत नव्हते. त्यामुळे दुरुस्ती हा सद्गुण आहे की काय, याचा विचार करण्याचे कारणच नव्हते. आम्ही ज्या देशात येऊन राहिलो तेथे मात्र नवी वस्तू पुष्कळदा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. मग दुरुस्त करत बसणे हे शहाणपण, की नुसता हट्ट? आणि दुरुस्त करता करता निम्मी वस्तू बदलली, तर ती पूर्वीचीच म्हणावी काय? हे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातले वाटतील. माझ्यापुढे ते एका ॲल्युमिनियमच्या होडीमुळे उभे राहिले, म्हणून वाचकांपुढे मांडते.

आमचे कॅरी हे नॉर्थ कॅरोलिना राज्यातले, रॉली शहराला लागून असलेले गाव. भारतातून आलेली पुष्कळ कुटुंबे आज येथे राहतात. गावाच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर जॉर्डन तलाव आहे. नावावरून वाचकांना पवित्र भूमीतली नदी आठवेल. पण हे नाव एका सिनेटरचे आहे. तलावही निसर्गाने केलेला नाही. १९४५ साली फेयेटविल शहराला मोठा पूर आला, त्यानंतर पूर आवरण्यासाठी धरणाची योजना झाली आणि १९८० नंतरच्या एकदोन वर्षांत तलाव भरला. पूर्वी जेथे शेते आणि घरे होती, तेथे आता लोक होडीत बसून गळ टाकतात. आमच्या यजमानांनाही निवृत्तीनंतर हाच छंद लागला. कॅटफिश लागला तर त्याला खवले नाहीत म्हणून तो परत पाण्यात जातो. बास मिळाला तर घरी येतो आणि त्याची नारळाच्या रसातली आमटी होते.

होडी १४ फुटांची, १९७० नंतरच्या दशकातली. गाव सोडून जाणाऱ्या एका शेजाऱ्याच्या अंगणात ती बरीच वर्षे झाडाखाली उपडी पडली होती. पत्रा मात्र शाबूत होता. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर एक अतिशय पातळ थर धरतो आणि तोच थर आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाच्या गंजासारखे पापुद्रे सुटत जात नाहीत. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कारखान्यांना पातळ पत्रे रिव्हेटने जोडण्याची चांगली सवय झाली होती. युद्ध संपल्यावर ग्रमन या विमाने बनवणाऱ्या कंपनीने तीच विद्या वापरून कनू बनवल्या, आणि इतर कारखान्यांतूनही अशा होड्या निघू लागल्या. रणांगणासाठी शिकलेली विद्या मासे धरायला उपयोगी पडली, ही मला चांगली गोष्ट वाटते.

दोष शोधायची रीत सोपी आहे. होडी ट्रेलरवर ठेवून तिच्यात चार बोटे पाणी भरायचे आणि खाली वाकून कोणत्या रिव्हेटमधून थेंब पडतो तेथे खूण करायची. जास्त पाणी भरायचे नाही, कारण बाहेरचे पाणी होडीला उचलून धरते, आतले पाणी तिला दाबते. सैल रिव्हेट पुन्हा आवळायला दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्याला लोखंडाचा जड ठोकळा टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने आतून शेपटीवर हातोडी मारायची. ठोकळा धरणारा ढिला पडला तर कितीही ठोका, रिव्हेट बसत नाही. धरण्याचे काम माझे होते.

खरी अडचण मागच्या फळीची. मोटार ज्या फळीला अडकवतात ती पत्र्याच्या आत प्लायवूडची असते. आमची फळी बाहेरून बरी दिसत होती, पण टोचणी खोचली की भिजल्या पुठ्ठ्यासारखी आत जाई. बाकांखालचा फोमही पाणी पिऊन जड झाला होता. होडीत पाणी शिरले तरी तिने तरंगत राहावे म्हणून जो घातला तोच तिचे ओझे होऊन बसला होता. नवी फळी घेतानाही एक गोष्ट कळली. बाहेरच्या कामासाठी येथे जे मुरवलेले लाकूड मिळते त्यात ते कुजू नये म्हणून पुष्कळदा तांब्याचे क्षार असतात. ओल असली की तांब्याच्या संगतीने ॲल्युमिनियम झिजते. म्हणजे दुकानातली सर्वांत टिकाऊ फळी हीच होडीला खाणारी! आम्ही साधे मरीन प्लायवूड घेतले आणि त्याला सर्व बाजूंनी इपॉक्सी लावली.

हे काम चालू असताना एका परिचित गृहस्थांनी सल्ला दिला: "कशाला एवढा खटाटोप? जुन्या फळीवर एक पातळ पत्रा ठोका, रंग द्या आणि विकून टाका. घेणाऱ्याला कळणारसुद्धा नाही." सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. पण माझा जन्म परिचारिकेच्या कामात गेला. खोल जखमेचे तोंड आधी मिटू देऊ नये, हे आम्हाला शिकाऊ असतानाच सांगत. वरून कातडी जुळली आणि आत पू राहिला, तर रोग्याला आणि नातेवाइकांना दोन दिवस समाधान मिळते, तिसऱ्या दिवशी ताप चढतो. म्हणून जखमेत कापडाची पट्टी भरून ती उघडी ठेवायची आणि तळापासून वर भरू द्यायची. ती दिसायला वाईट, रोज बदलताना दुखणारी. पण बरी होते ती याच रीतीने. रंग देणे वाईट नाही. कुजलेल्या फळीवर रंग देणे वाईट, कारण त्या फळीच्या भरवशावर कोणाचे तरी मूल खोल पाण्यात जाणार असते.

आमच्या मुलाचा आक्षेप याहून वजनदार होता. तो म्हणाला, "आई, भंगारात दिली तरी काही वाया जात नाही. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला, खनिजातून नवे काढण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच शक्ती लागते. तुम्ही फळी, फोम, रंग सगळे नवे आणता. उलट तुम्हीच जास्त खर्च करता." हिशेब बरोबर होता. नासाडी करू नये हे तोराचे शिकवण आपण मानतो; वेढा घातलेल्या शहराचीसुद्धा फळझाडे तोडू नयेत असे तेथे सांगितले आहे. पण केवळ त्या मुद्द्यावर आमची दुरुस्ती सिद्ध होत नव्हती. भंगारात धातू टिकतो, होडी जाते. दुरुस्तीत होडी टिकते, पण तिचे भाग जातात. मग टिकले म्हणायचे कशाला?

ग्रीक लेखक प्लुटार्क याने थीसियसच्या जहाजाची हकीकत लिहून ठेवली आहे. अथेन्सचे लोक त्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी बसवीत, आणि सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच की दुसरे यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. १७ व्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचे जहाज जोडले, तर खरे कोणते? आपल्या मिश्नामध्ये असाच प्रश्न वहाणेबद्दल आला आहे. वहाणेचा एक बंद तुटला आणि तो नवा लावला तर वहाण तीच, तिचा पूर्वीचा विटाळही तसाच. पुढे दुसराही तुटून नवा लागला, तर तिचा मूळ विटाळ उरत नाही. तल्मूद म्हणतो की आता येथे जणू निराळीच वस्तू आली आहे. मला या उत्तराचे कौतुक वाटते. अथेन्सच्या लोकांना जहाज तेच आहे असा अभिमान मिरवायचा होता. आपले धर्मपंडित सरळ सांगतात की बदल झाला तो झाला. पण ती वहाण फेकून द्या, असे ते म्हणत नाहीत. ती त्याच पायात राहते.

अथेन्सच्या जहाजाची आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. ते नुसते बंदरात ठेवून दाखवायचे जहाज नव्हते. देवाला बोललेला नवस फेडण्यासाठी ते दरसाल डेलॉस बेटाला जाई, आणि परत येईपर्यंत शहरात कोणाला देहदंड देत नसत. म्हणूनच इसवी सनापूर्वी ३९९ साली सॉक्रेटिसाला विषाचा पेला देणे लांबले, असे प्लेटोने लिहिले आहे. नवसाचे महत्त्व आपल्याला सांगायला नको. एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचे ताट आपण त्यासाठीच करतो. ज्या वचनासाठी जहाज बांधले ते वचन कोणीतरी पाळत होते, तोवर फळ्या कोणत्या हा प्रश्न दुय्यम होता, असे मला वाटते. होडीचे वचन एकच: जो बसेल त्याला काठावर परत आणीन. कुजलेल्या फळीवर रंग दिला तर रूप राहते, वचन मोडते. सगळे भाग बदलून ती धड केली तर उलट होते. आणि पत्राच फाटला, वचन पाळण्याची शक्तीच संपली, तर भंगारात देण्यात पाप नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र हा शेवटचा मार्ग नाही. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत माझ्याकडे स्मृती गेलेली एक वृद्ध मराठी बाई होती. अनेक वर्षे बोललेली इंग्रजी तिच्यापासून आधी गेली, मराठी राहिली. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा असे होते. मुले येत, ती त्यांना ओळखत नसे. तिची लेक एकदा म्हणाली, "ही आता आमची आई राहिलीच नाही." तिचे दुःख मी समजू शकत होते, पण ते म्हणणे मला मान्य नव्हते. ज्याची विद्या विसरली गेली अशा म्हाताऱ्याचाही मान राखावा, कारण फुटलेल्या शिळा अखंड शिळांबरोबर कोशातच ठेवल्या होत्या, असे तल्मूद सांगतो. त्या बाईंच्या बाजूने ओळख सुटली होती. म्हणून आमच्या बाजूने ती अधिक घट्ट धरणे भाग होते, रिव्हेटचा ठोकळा धरतात तशी. तिला आम्ही नावाने हाक मारत होतो, मराठीत "आजी, जेवलात का?" विचारत होतो. तोवर ती तीच होती.

बंधुभगिनींनो, आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. नवगावजवळ जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पुस्तके समुद्रात गेली, असे आपली परंपरा सांगते. शेमा राहिला, सुन्नत राहिली, शब्बाथ राहिला; घाणा शनिवारी बंद म्हणून लोक आपल्याला शनिवार तेली म्हणत. बाकीच्या कितीतरी फळ्या कोकणात नव्या बसल्या. आडनावे गावांची झाली, पेहराव तेथला झाला. १९६० नंतर इस्रायलमध्ये आपल्या लोकांच्या विवाहांवरून शंका काढली गेली. जहाज तेच की दुसरे, असाच तो प्रश्न होता. १९६४ साली तो आपल्या बाजूने मिटला. आज आपण अमेरिकेत, इस्रायलमध्ये नातवंडांना मराठी येत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणतो. मीही आणते. पण मराठी हीदेखील पहिली फळी नव्हे, ती कोकणात बसवलेली आहे, हे विसरून चालणार नाही. ती आपल्या हातून निसटली तर फार मोठे नुकसान होईल, होडी बुडाली असे मात्र होणार नाही.

भीती मला दुसऱ्या गोष्टीची वाटते. वर्षातून एकदा मलिद्याचे ताट मांडायचे, फोटो काढायचे आणि कशासाठी हे मुलांना सांगायचेच नाही, हा जुन्या फळीवरचा रंग झाला. मुलांनी विचारले तर "आपले सगळे पूर्वीसारखेच आहे" असे उत्तर देणे, हाही तोच रंग. काय गेले आणि त्याच्या जागी काय बसवले, हे त्यांना खरे सांगावे.

परिचारिकेच्या कामात एक नियम कडक होता: जे केले ते तक्त्यावर लिहायचे, म्हणजे पुढच्या पाळीच्या बाईला रोगी कोणत्या अवस्थेत मिळाला ते कळते. होडीसाठी मी तशीच एक वही केली आहे. कोणते रिव्हेट आवळले, कोणते बदलले, फळी कोणत्या साली घातली, कोठे अजून शंका आहे, सगळे त्यात आहे. होडी ज्याच्या हाती जाईल त्याला ती वहीही मिळेल. आपल्या प्रत्येक घरी एक अशी वही असावी, असे मला वाटते. आजोबांचे गाव कोणते, कोणती प्रार्थना पाठ होती, कोणती विसरली, कोणता सण कसा बदलला आणि का, हे वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्यावे आणि मुलांना वाचता येईल त्या भाषेत लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत, तेव्हा हे काम या वर्षीच हाती घ्यावे.