लेकराच्या नावाने ओळखला जाणारा बाप

ओमानमध्ये घरातले मूल वडिलांना 'बाबा' अशीही हाक मारते आणि ती मस्कतमधील मराठी कुटुंबाला मुळीच परकी वाटत नाही. परंतु घराबाहेर त्याच गृहस्थांना मित्र व शेजारी 'अबू खालिद', म्हणजे खालिदचे वडील, असे आदराने संबोधतात. थोरल्या अपत्यावरून, बहुधा मुलावरून, पडणाऱ्या या नावाला अरबीत 'कुन्या' म्हणतात आणि प्रेषित मुहम्मद यांची कुन्याही 'अबुल कासिम' अशीच होती. ओमानच्या राजघराण्याच्या 'आल बू सईद' या नावातला 'बू' हा त्याच 'अबू'चा संक्षेप आहे. उलट दिशेने 'बिन' हा शब्द मुलाला बापाशी जोडतो, म्हणून 2020 पासूनचे सुलतान हैथम बिन तारिक हे तारिक यांचे पुत्र आणि 2021 मध्ये युवराज झालेले झी यझन बिन हैथम हे हैथम यांचे.

महाराष्ट्रात मात्र वडिलांना बाबा, आबा, अण्णा, तात्या, नाना, दादा, भाऊ असे घरोघरी निराळे संबोधन लाभले, कारण एकत्र कुटुंबात भावंडे आणि पुतणे ज्या नावाने बोलावत, तेच पोटच्या पोरांच्याही तोंडी बसे. 'श्यामची आई'मधील श्यामचे वडीलही 'भाऊ'च आहेत. हे वैविध्य मोलाचे आहे. मस्कतमधल्या मराठी पालकांनी आजोबा-पणजोबांना घरात काय म्हणत, हे मुलांना आवर्जून सांगावे आणि लिहूनही ठेवावे.