रेड्याचे वेद आणि शाळेची परीक्षा

जुन्नर तालुक्यात, आणे पठाराच्या पश्चिमेला, आळे गाव आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथे आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. या कथेमागचा प्रश्न शाळेचाही आहे: म्हणून दाखवले म्हणजे कळले का? छांदोग्य उपनिषदात बारा वर्षे शिकून ताठ्याने परतलेल्या श्वेतकेतूला बापाने, उद्दालकाने, एक प्रश्न विचारला. उत्तर येईना, तेव्हा उद्दालकाने शेरा मारला नाही, तिथूनच शिकवायला घेतले. मूल्यमापनाचे खरे काम हेच. महाराष्ट्राने २०१० मध्ये आकारिक (शिकतानाचे) आणि संकलित (सत्राअखेरचे) मूल्यमापन आणले ते याच विचाराने; नोंदी मात्र पुष्कळदा तक्ते भरण्यापुरत्या उरल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने तर पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना पुन्हा दिली.